‘इंजिन नुकतंच केलंय’ एवढ्या शब्दावर टू-स्ट्रोक घ्यावी का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मेलबर्नच्या उपनगरात राहणारे, चाळिशीला टेकलेले एक वाचक लिहितात, “वडिलांकडे इस्लामपूरला आरएक्स १०० होती. तिच्यावरच मी गाडी शिकलो, तिचे प्लग आणि कार्बोरेटर साफ केले. इथे आल्यापासून मोटरसायकलला हात लागला नाही. आता एका मित्राने बॅलरॅटजवळ शेतजमीन घेतली आहे. तिथे सुट्टीच्या दिवशी चालवायला २००९ची यामाहा वायझेड २५० बघितली आहे. मालक ५,८०० डॉलर सांगतो. ‘पिस्टन नुकताच टाकलाय, त्यानंतर दहा तासही चाललेली नाही, पहिल्या किकला सुरू होते,’ असं त्याचं म्हणणं. फोटोत गाडी नवीकोरी दिसते. शनिवारी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे, तोवर धरून ठेवायची तर ५०० डॉलर आगाऊ पाठवा म्हणतो. टू-स्ट्रोकची मला माहिती आहे; पण परक्या माणसाच्या गॅरेजमध्ये जाऊन त्याच्याच गाडीचे बोल्ट सोडा म्हणणं मला जड जातं. त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. बायको म्हणते, जुनी गाडी म्हणजे विकतचं दुखणं, त्यापेक्षा नवी फोर-स्ट्रोक घे. काय करू?”

नमस्कार.

आधी शनिवारचा विषय संपवू, कारण घाई त्याचीच आहे. गाडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ५०० डॉलर पाठवू नका. दुसरं गिऱ्हाईक खरंच असेल आणि त्याने गाडी नेली, तर नेऊ द्या. वायझेड २५० ही दुर्मिळ गाडी नाही. होंडाने सीआर मालिकेतल्या टू-स्ट्रोक मोटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीच्या) गाड्या २००७ नंतर बंद केल्या, सुझुकी आणि कावासाकीही मोठ्या टू-स्ट्रोकमधून बाहेर पडल्या. यामाहाने मात्र ही गाडी बनवणं सोडलं नाही. २००५ साली तिला ॲल्युमिनियमची चासी आली, २००६ साली पुढचे शॉकअप बदलले, आणि पुढे बरीच वर्षं इंजिनाचा मूळ आराखडा तोच राहिला. त्यामुळे २००९च्या गाडीला लागणारं इंजिनाचं सामान आजही नवं मिळतं, आणि ऑस्ट्रेलियात अशी एखादी गाडी नेहमीच विकायला असते. ही गेली तर महिन्या-दोन महिन्यांत दुसरी दिसेल. हे मनाशी पक्कं असलं की तुम्हाला निवांत बघता येईल, आणि निवांत बघणं हेच या व्यवहारातलं अर्धं काम आहे.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य: ‘टू-स्ट्रोकची मला माहिती आहे.’ ती आहेच. इंजिनाचा आवाज, धूर, प्लगवर येणारी काजळी यांची ओळख ज्याला लहानपणी झाली, त्याचा कान तयार असतो आणि तो कान तुम्हाला उपयोगी पडणार आहे. पण आरएक्सची समज जशीच्या तशी इथे लावू नका. आरएक्स १०० म्हणजे ९८ सीसी, हवेवर थंड होणारं, ११ अश्वशक्तीचं इंजिन. वायझेड २५० पाण्यावर थंड होते, जवळपास तेवढ्याच वजनाच्या गाडीत चौपटीच्या आसपास ताकद देते, आणि ती शर्यतीसाठी बनवलेली आहे. आरएक्सच्या दुरुस्तीचा हिशोब आपण हजारो किलोमीटरमध्ये करायचो. हिच्या पुस्तिकेतलं वेळापत्रक ‘दर शर्यतीनंतर’, ‘दर तिसऱ्या शर्यतीनंतर’, ‘दर पाचव्या शर्यतीनंतर’ अशा रकान्यांचं आहे. पिस्टन आणि रिंगा या गाडीत चेन किंवा ब्रेकच्या लायनरसारख्याच झिजवून बदलायच्या वस्तू आहेत.

दुसरा फरक त्याहून महत्त्वाचा. आरएक्सच्या सिलिंडरमध्ये बिडाचा लायनर असतो. पिस्टन धरला (तापून सिलिंडरमध्ये अडकला), ओरखडे पडले, की आपल्याकडचा मेकॅनिक लेथवर बोअर मारून आणायचा, ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा आणि गाडी पुन्हा रस्त्यावर. वायझेडच्या ॲल्युमिनियम सिलिंडरला आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कडक, पातळ मुलामा असतो. तो नीट राहिला तर पिस्टनमागून पिस्टन बदलत जा, सिलिंडर टिकतो. पण त्यात खोल चर पडली, तर बोअर मारून भागत नाही. सिलिंडर पुन्हा मुलामा द्यायला पाठवावा लागतो किंवा नवा घ्यावा लागतो. म्हणून ‘पिस्टन टाकला’ हे ऐकल्यावर पुढचा प्रश्न यायला हवा, की सिलिंडर कोणत्या अवस्थेत होता?

आपल्याकडच्या गॅरेजांत एक सोपी भाषा आहे: हाफ इंजिन आणि फुल इंजिन. सिलिंडर-पिस्टनचं वरचं काम म्हणजे हाफ, क्रँक (पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणारा दांडा), कनेक्टिंग (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) आणि बेअरिंगसकट सगळं खोललं तर फुल. तुमचा विक्रेता जे सांगतोय ते हाफ इंजिन आहे, आणि ‘इंजिन नुकतंच केलंय’ असं म्हणणारे जवळपास सगळे हाफ इंजिनाबद्दलच बोलत असतात. त्यात खोटं काही नाही. पण टू-स्ट्रोकचा महागडा जीव खाली असतो. कनेक्टिंगच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगला तेल मिळतं ते फक्त पेट्रोलमध्ये मिसळलेलं. ते कधी कमी पडलं, फिल्टरमधून धूळ गेली, किंवा गाडी वर्षभर दमट शेडमध्ये उभी राहिली, तर मार पहिला तिथे बसतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. वर नवा पिस्टन बसवून कॉम्प्रेशन कडक केलं की त्याचा सगळा भार त्याच थकलेल्या बेअरिंगवर येतो.

मग हाफ इंजिन का केलं? वेळापत्रकाप्रमाणे, काही बिघडलेलं नसताना केलं असेल तर तो माणूस गाडी जपणारा आहे. पिस्टन धरला म्हणून केलं असेल तर दोन गोष्टी कळायला हव्यात: धरण्याचं मूळ कारण सापडलं का, आणि तुटक्या धातूचे कण खाली क्रँककेसमध्ये गेले होते ते धुऊन काढले का. ‘विकायची होती म्हणून टाकला’ असं उत्तर आलं तर सावध व्हा.

माझं सगळं म्हणणं यातच आहे. शर्यतीची टू-स्ट्रोक विकत घेताना तुम्ही आधीच्या मालकाची निगा विकत घेता. प्लास्टिक आणि स्टिकर एका संध्याकाळी नवे लावता येतात. २००९च्या गाडीवर नवंकोरं प्लास्टिक दिसलं तर त्यात वाईट काही नाही, पण त्यावरून कळतही काही नाही. वर्षानुवर्षांची निगा किंवा हयगय ज्या जागी साठते, तिथे हात घालून बघायचं असतं.

हात घालण्याच्या तुमच्या संकोचाबद्दल. तुम्ही भिडस्त आहात, आणि परक्या देशात ती भीड थोडी वाढतेही. पण डर्ट बाइक विकणाऱ्याला गिऱ्हाईक फिल्टर काढून बघणार, प्लग सोडणार, चाकं हलवणार हे ठाऊक असतं. निगा राखणाऱ्या मालकाला असं गिऱ्हाईक आवडतंसुद्धा, कारण त्याने केलेलं काम शेवटी कुणीतरी बघतं. जाण्याआधी फोनवर स्वच्छ विचारा: “मी माझी हत्यारं घेऊन येतो. फिल्टर, प्लग आणि मॅग्नेटचं कव्हर काढून बघेन, होतं तसं लावून देईन. चालेल ना? आणि मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.” तो हो म्हणाला की संकोचाचं कारणच उरत नाही. नको म्हणाला तर त्याचा राग मानू नका. फक्त गाडी बघायला जाऊ नका. स्वतःचा हात तेवढा बसलेला वाटत नसेल तर जवळच्या मोटरसायकल वर्कशॉपच्या मेकॅनिकला फी देऊन सोबत न्या. त्या पैशाची चिंता करू नका.

त्याच फोनवर आणखी तीन गोष्टी विचारून घ्या. पेट्रोलमध्ये ऑइल किती आणि कुठलं घालता? यामाहाची पुस्तिका ३० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल सांगते, म्हणजे लिटरला साधारण ३३ मिली. काही जण ३२ किंवा ४० भागांनाही १ घालतात, त्यात बिघडत नाही. उत्तर चटकन आणि ठामपणे यायला हवं. “अंदाजाने ओततो” हे उत्तर पुरेसं बोलकं आहे. गिअर ऑइल शेवटचं कधी बदललं? आणि सामानाच्या पावत्या आहेत का? पिस्टनची पावती असेल तर तिच्यावर तारीख असते, आणि ‘दहा तास’ खरे की काय याचा अंदाज तिथे लागतो. तास मोजणारं मीटर या गाडीला कंपनीकडून येत नाही. हँडलला चिकटवलेलं मीटर कधी बसवलं हे फक्त मालकालाच माहीत.

गेल्यावर पहिलं काम: सिलिंडरला हात लावा. गरम लागला तर तुम्ही सांगूनही गाडी आधी तापवून ठेवली आहे. गरम टू-स्ट्रोक पहिल्या किकला सुरू होणं यात विशेष काही नाही. चहा घ्या, गप्पा मारा, बाकीची गाडी बघा, आणि ती पूर्ण गार झाल्यावरच किक मारा.

नंतर सीट काढून एअर फिल्टर. इथे घाई करू नका, कारण एवढं खरं बोलणारी जागा अख्ख्या गाडीत दुसरी नाही. स्पंज स्वच्छ, फिल्टर ऑइलने सारखा ओला, कडेला ग्रीसची रेघ, ही निगा. स्पंज कोरडा, कडा फाटलेल्या, हातात चुरा होतोय, तर समजा धूळ आत गेली. फिल्टर कदाचित कालच नवा घातला असेल, म्हणून फिल्टरवर थांबू नका. तो बसतो त्याच्या मागे, कार्बोरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीत बोट फिरवा. बोटाला रेती किंवा मातीचा थर लागला तर ती माती इंजिनातून गेलेली आहे. मग पिस्टन कालचा असो की परवाचा, सिलिंडर आणि खालचं बेअरिंग यांची शंका धरूनच पुढचं बघा.

प्लग काढा. चकचकीत नवा असेल तर बाजूला ठेवा, तो काही सांगणार नाही. वापरलेला असेल आणि त्याच्या चिनी मातीवर राखाडी, चमकणारे बारीक कण दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, गाडी नको. मालक तयार असेल तर एक्झॉस्टच्या स्प्रिंगा काढून पाइप बाजूला करा आणि बॅटरीच्या उजेडात पोर्टमधून (धूर बाहेर पडतो त्या भोकातून) पिस्टनची बाजू बघा. नवा पिस्टन गुळगुळीत आणि उजळ दिसतो. त्यावर उभे ओरखडे असतील, किंवा रिंगेखाली तपकिरी जळकट पट्टा उतरलेला असेल, तर ‘दहा तास’ विसरा. किक हळूहळू खाली दाबत पिस्टन खाली न्या, म्हणजे समोरची सिलिंडरची भिंतही काही भाग दिसेल.

प्लग बाहेर असतानाच खालच्या बेअरिंगची परीक्षा घ्यायची. मॅग्नेट म्हणजे क्रँकच्या टोकाला बसवलेलं चाक; डाव्या बाजूचं त्याचं कव्हर थोड्याच बोल्टांवर असतं. प्लगच्या भोकातून एक प्लास्टिकचा स्ट्रॉ पिस्टनवर टेकवा. लोखंडी काही घालू नका. मॅग्नेट हाताने फिरवून पिस्टन साधारण मध्यावर आणा आणि मग मॅग्नेट थोडं पुढे, थोडं मागे करा. मॅग्नेट हलतंय आणि पिस्टन जागचा हलत नाही, मध्येच ‘टक्’ असं जाणवतंय, तर कनेक्टिंगला वर-खाली खेळ आहे. असा खेळ अजिबात असायला नको. नंतर मॅग्नेट दोन्ही हातांनी धरून वर-खाली ओढून बघा. तिथे हललं तर क्रँकची मुख्य बेअरिंग गेली. या दोनपैकी काहीही सापडलं तर ती गाडी फुल इंजिनाला आलेली आहे. कव्हरच्या आतल्या बाजूला काळं तेलकट साचलं असेल तर डाव्या बाजूचं क्रँक सीलही गळतंय.

कॉम्प्रेशनचं गेज असेल तर न्या. पण आकड्याला देव मानू नका. गेज, त्याची नळी, किक मारणारा पाय, सगळ्यांनी तो बदलतो. एक्सिलेटर पूर्ण उघडा ठेवून काटा वर चढायचा थांबेपर्यंत किक मारा. १०० पीएसआयच्या आसपासच घुटमळला, तर नव्या पिस्टनची गोष्ट खोटी किंवा काम वाईट.

रेडिएटरचं झाकण इंजिन गार असतानाच उघडा. पाणी तपकिरी, गंजकट असेल तर ते वर्षानुवर्षं बदललेलं नाही. गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर वॉटर पंपचं सील गेलंय. हे सील स्वस्त आहे, पण त्या तेलावर गाडी किती पळाली हा प्रश्न महाग असू शकतो.

आता किक. चोक ओढून, गार इंजिनावर, तीन-चार किकांत सुरू झाली तरी गाडी चांगली आहे. इथे गाडीइतकंच मालकाकडेही लक्ष द्या. ॲल्युमिनियमचा पिस्टन सिलिंडरपेक्षा लवकर फुगतो, म्हणून गार इंजिनाला जोरात रेस दिली तर पिस्टन धरू शकतो. जपणारा माणूस गाडी दोन-तीन मिनिटं हलक्या हाताने तापवतो, रेडिएटरला हात लावून बघतो. सुरू होताक्षणी तुम्हाला आवाज ऐकवण्यासाठी जो फुल रेस देतो, तो रोज तेच करत आला आहे.

सुरुवातीचा निळसर धूर टू-स्ट्रोकचाच, त्याला घाबरू नका. इंजिन तापल्यावर तो विरळ व्हायला हवा. पांढरा, गोडसर वासाचा धूर येतच राहिला तर पाणी आत जातंय. दाट, राखाडी, गिअर ऑइलच्या वासाचा धूर येत असेल आणि मालक म्हणत असेल की गिअर ऑइल ‘थोडं थोडं कमी होतं’, तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील ते तेल ओढून घेतंय. तापलेल्या गाडीला हलकी रेस देऊन सोडा. आवाज लगेच खाली बसला पाहिजे. तो वरच तरंगत राहिला तर कुठूनतरी फाजील हवा जाते आहे, बहुधा डावं सील किंवा कार्बोरेटरमागचं रबर. अशा गाडीला पेट्रोल-ऑइल कमी पडतं, आणि नवा पिस्टन पुन्हा धरतो.

चालवून बघितल्याशिवाय होकार देऊ नका. पाचही गिअर चढताना-उतरताना टाका, प्रत्येक गिअरमध्ये ताकद देऊन बघा की तो आपोआप सुटतोय का. तिसऱ्यात एक्सिलेटर एकदम उघडा: आवाज वाढला आणि गाडी तेवढी पळाली नाही तर क्लच प्लेटा गेल्या, हे तुलनेने सोपं काम. मधल्या रेसनंतर या गाडीने एकदम उसळी घ्यायला हवी. ती न घेता सपाट पळत राहिली तर पॉवर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टच्या पोर्टची उंची बदलणारी झडप) काजळीने अडकला असेल किंवा रीडच्या (कार्बोरेटरमागच्या झडपेच्या) पात्या तुटल्या असतील. आणि चालवताना जपा. ही उसळी आरएक्सवर शिकलेल्या मनगटाला अनोळखी आहे.

चासीचं थोडक्यात. गाडी स्टँडवर घ्या, मागचं चाक धरून वर उचला. थोडं हलून मग शॉक दाबला गेला तर स्विंगआर्म किंवा लिंकेजची बेअरिंग झिजलीत. ग्रीस भरायला कंटाळा केला की आधी हीच जातात, आणि त्यांचा एकूण खर्च लोकांना वाटतो त्याहून जास्त निघतो. हँडल सावकाश फिरवा, मध्यावर खाच लागली तर कोन सेट (हँडलची बेअरिंग) गेला. चाकं आडवी हलवून बेअरिंग बघा, स्पोकवर पाना वाजवा. सैल स्पोकचा आवाज बद्द येतो. चासीच्या वेल्डिंगपाशी, विशेषतः हँडलच्या नळीजवळ आणि फुटरेस्टच्या जोडावर, बारीक तडा दिसतो का हे उजेडात बघा. बोल्टांची डोकी गोल झाली असतील तर चुकीच्या पान्याने काम करणारे हात त्या इंजिनातही गेले होते.

कागद. हँडलच्या नळीवरचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) स्वतः वाचा, फोटो काढा. तो घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर बोलणं तिथेच संपवा. पीपीएसआर या कर्ज-तारणाच्या नोंदवहीच्या सरकारी संकेतस्थळावर २ डॉलरमध्ये त्या क्रमांकाची चौकशी होते: गाडीवर कर्ज आहे का, चोरीची किंवा मोडीत काढलेली अशी नोंद आहे का. ही चौकशी कराच. पण मोटोक्रॉस गाड्यांची रस्त्यासाठी नोंदणी होत नाही, त्यामुळे चोरीची प्रत्येक गाडी तिथे दिसेलच असं नाही. म्हणून मालकाची मूळ खरेदीची पावती मागा, त्याचं ओळखपत्र बघा आणि व्हीआयएन लिहिलेल्या विक्रीच्या कागदावर त्याची सही घ्या.

भाव करण्याआधी घरूनच एखाद्या वर्कशॉपला फोन करून या गाडीच्या हाफ आणि फुल इंजिनाचा दर विचारून ठेवा. मजुरीसकट फुल इंजिनाचा खर्च हजाराच्या वरच जातो. मॅग्नेट कव्हर उघडून समाधान झालं, पावत्या जुळल्या, फिल्टर स्वच्छ निघाला, तर सांगितलेल्या किमतीच्या जवळपास देण्यात तोटा नाही. निगा राखलेल्या गाडीला पैसे द्यावेत. यातलं काहीच पडताळता आलं नाही, तर गाडी फुल इंजिनाला आली आहे असं धरून ती रक्कम वजा करा, आणि तेवढाच भाव शांतपणे सांगा. त्याला पटला नाही तर घरी या.

तुमच्या पत्नीच्या म्हणण्याकडे आता येतो, कारण त्यात तथ्य आहे. या गाडीला दर काही महिन्यांनी हात लावावा लागेल, आणि गॅरेजमधल्या त्या संध्याकाळी तुम्हाला आवडणार नसतील तर ती खरंच दुखणं होईल. पण ‘नवी फोर-स्ट्रोक म्हणजे निर्धास्त’ हेही सरसकट खरं नाही. वायझेड २५०एफसारखी शर्यतीची फोर-स्ट्रोक बिघडली की व्हॉल्व्ह, कॅम, टायमिंग चेन यांचं बिल टू-स्ट्रोकच्या कितीतरी पुढे जातं. निर्धास्तपणा हवा असेल तर टीटी-आर२३० किंवा सीआरएफ२३०एफच्या जातीची, हवेवर थंड होणारी साधी ट्रेल गाडी बघा. तिला बटणस्टार्ट असतो, ऑइल आणि फिल्टर वेळच्या वेळी बदलले की ती वर्षानुवर्षं कुरकुरत नाही, आणि ती घरातल्या दुसऱ्या कुणालाही चालवता येते.

त्याआधी आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: मित्राच्या जमिनीबाहेर चालवायची आहे का? व्हिक्टोरियातल्या सरकारी जंगलातल्या वाटांवर जायचं तर गाडीची नोंदणी आणि तुमचा परवाना दोन्ही लागतात. वायझेडला दिवाही नाही. ती मित्राच्या जमिनीवर आणि मोटोक्रॉसच्या ट्रॅकवरच चालेल. जंगलवाटांचं स्वप्न असेल तर ही गाडी कितीही चांगली निघाली तरी तुमच्या कामाची नाही. मनात इंजिन उघडण्याची, ऑइल मोजून मिसळण्याची हौस असेल आणि मित्राची जमीन मोकळी, मोठी असेल, तर जरूर घ्या. वडिलांच्या आरएक्सच्या आठवणीसाठी घेण्यातही गैर काही नाही. फक्त त्या आठवणीपोटी मॅग्नेट कव्हर न उघडता घेऊ नका.

महाराष्ट्रात जुनी आरएक्स १०० शोधणारेही मला हेच विचारतात, म्हणून त्यांच्यासाठी एवढं. भारतात ही गाडी १९८५ ते १९९६ या काळात बनली. म्हणजे आज विकायला येणारी प्रत्येक गाडी कधी ना कधी खोललेली आहेच. रंग आणि क्रोम बघून भाव ठरवू नका. सिलिंडर किती ओव्हरसाइजवर आहे ते विचारा. शेवटच्या साइजवर असेल तर पुढच्या वेळी नवा लायनर किंवा सिलिंडर लागणार. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून बघा, कारण इंजिन बदललेल्या गाड्या भरपूर आहेत. पंधरा वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, ते किती तारखेपर्यंत आहे, आणि विकणाऱ्याचं नाव कागदावर आहे का, हे पाहिल्याशिवाय हातात पैसे देऊ नका.

तुम्ही वायझेड घेतलीच, तर घरी आणल्यावर लगेच चालवायला काढू नका. टाकीतलं पेट्रोल काढून टाका; त्यात ऑइल किती आहे याची तुम्हाला खात्री नाही. स्वतः मोजून ३०ला १ मिसळा, गिअर ऑइल आणि पाणी बदला, फिल्टर धुऊन तेल लावून बसवा, चाकांचे आणि हँडलचे बोल्ट आवळा. खरेदीच्या पैशातून मोटोक्रॉसचे बूट, हेल्मेट आणि गुडघ्याच्या संरक्षणाचे पैसे आधी बाजूला काढा. ते काढल्यावर गाडी परवडत नसेल तर एखादा महिना थांबा. आणि पहिल्या काही वेळा मित्र जमिनीवर हजर असेल तेव्हाच चालवा, एकटे नको.